विलासचा चेहरा पुसला त्याची हकिकत

यवतमाळ जिल्ह्यातून परत आल्यावर लोक मला दोनच प्रश्न विचारतात. तिकडे ऊन किती असतं, आणि तिकडे बघण्यासारखं काय आहे. पहिल्याचं उत्तर मी माझे हात पुढे करून देते. दुसऱ्याचं उत्तर दारात उभं राहून देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

गेले ते कामानं. पुण्यात एका छोट्या वेब पोर्टलसाठी मी मानवी हक्कांच्या बातम्या करते. करते म्हणजे, लोकांनी पाठवलेले व्हिडिओ खरे की खोटे ते खुर्चीत बसून फोनवर विचारत राहते. त्या हंगामात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारी माणसं औषधाच्या धुक्यात उभी राहत होती आणि तिथून दवाखान्यात जात होती. मोठ्या पेपरांच्या गाड्या पोचायच्या कितीतरी आधी ही बातमी लोकांच्या मोबाइलमधून बाहेर पडली. आम्ही पत्रकार मागाहून गेलो आणि 'उघडकीस आणलं' असं लिहिलं.

आमच्याकडे आलेल्या व्हिडिओंपैकी एक मारेगावजवळच्या एका वस्तीतला होता. त्यात सुरुवातीला पंचशील ध्वज दिसे, मग विहार, मग नाला, मग नाल्यातली एक म्हैस, आणि पाहणारा कंटाळून फोन ठेवणार एवढ्यात काळा चष्मा लावलेला एक माणूस येऊन म्हणे, "मी औषध पिलो नाही." बस. एवढंच. औषध म्हणजे कीटकनाशक. आपल्याकडे विषालाही औषधच म्हणतात. दवाखान्याच्या कागदावर मात्र 'विष प्राशन' असं लिहिलं होतं.

आमच्या संपादकांनी व्हिडिओ म्हशीपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "जाऊन ये."

मारेगाव

यवतमाळहून वणीच्या एसटीत बसले. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये तूर, पुन्हा कपाशी. मी सांगलीकडची, उसातली. आमच्या उसात माणूस शिरला तर दिसत नाही हे मला माहीत होतं. कपाशीतही दिसत नाही, हे इथं पहिल्यांदा पाहिलं. बोंडं फुटायला लागली होती आणि काही शेतांत बायका वेचणीला वाकल्या होत्या.

स्टँडवर मला घ्यायला शालूताई आल्या होत्या. व्हिडिओ काढणाऱ्या त्याच. वस्तीत त्यांचं शिलाई मशीन आहे, बचत गट त्यांचा चालवून झाला आहे, आणि 'आवाज वस्तीचा' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपच्या त्या अॅडमिन आहेत. या तीन पदांपैकी तिसऱ्या पदाचा वस्तीत सर्वांत जास्त धाक आहे.

"जय भीम मॅडम. तुमी तं फोटोतल्यापेक्षा बारीक निंघाल्या," त्या म्हणाल्या आणि माझी बॅग ओढून घेतली.

आधी तर्री-पोहे खाऊ घातले. पोहे हा पुण्यात नाश्ता असतो. इथं त्यावर लाल रस्सा ओततात आणि मग ती परीक्षा होते. मी खात असताना शालूताईंनी व्हिडिओतल्या म्हशीबद्दलची माझी शंका ऐकून घेतली.

"आधी जागा दाखवा लागते ना जी. नाहीतं लोक म्हणतात, कुठलं कुठलं उचलून टाकलं. म्हैस गावात सगळ्याईले ठाव हाये."

हे पुराव्याचं शास्त्र मी कुठल्याच कार्यशाळेत ऐकलं नव्हतं, आणि खोडून काढता येईना.

पेच साधा होता. फवारणीच्या विषबाधेची चौकशी करायला एक समिती येणार होती. तिच्यातल्या कुणीतरी शालूताईंना फोनवर सांगितलं होतं की व्हॉट्सअॅपवरचा व्हिडिओ चालणार नाही, कुठंतरी बातमी म्हणून प्रसिद्ध झालेलं पाहिजे. म्हणून मी. समिती गुरुवारी येणार होती आणि आज सोमवार होता.

वस्ती

शेजारच्या बंजारा तांड्यावरचे बाबूसिंग आम्हाला ऑटोतून घेऊन गेले. व्हिडिओतल्या चष्मेवाल्याला, म्हणजे विलासला, शेतातून दवाखान्यात नेलं ते यांनीच, असं शालूताईंनी सांगितलं. मी कौतुकानं पाहिलं, तर बाबूसिंगांनी हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं.

वस्तीत नेटवर्क येत नाही. येतं ते फक्त नाल्यापलीकडच्या उंचवट्यावर, आणि तिथं स्मशानभूमी आहे. त्यामुळे ज्याला फोन करायचा तो स्मशानात जातो. तिथल्या पत्र्याच्या शेडखाली कुणाच्या तरी स्मरणार्थ बसवलेला सिमेंटचा बाक आहे. त्यावर बसून पोरी निकाल पाहतात, लग्नं जुळतात, आणि 'आवाज वस्तीचा' या ग्रुपची संपादकीय बैठक भरते. मी पोचल्याचं पुण्याला कळवायला तिथूनच फोन केला. संपादक म्हणाले, "आवाज छान येतोय, कुठं आहेस?" मी म्हटलं, ऑफिसात.

ग्रुपचा एक नियम आहे. जो कुणी खातरजमा न करता काही पुढं ढकलील, त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी विहार झाडायचा. अपवाद नाही. फवारणीआधी गूळ खाल्ला तर औषध बाधत नाही, हा संदेश पाठवल्याबद्दल शालूताईंच्या नवऱ्यानं विहार झाडला होता. सकाळच्या फुलांच्या शुभेच्छांनाही हीच शिक्षा आहे, कारण सकाळ शुभ आहे याची खातरजमा कुणी केलेली नसते. पुण्यामुंबईच्या संपादकीय विभागांत हा नियम लागू केला तर शहरं स्वच्छ होतील, असं माझं प्रामाणिक मत झालं.

विलासच्या घरी गेलो. चाळिशीच्या आतला माणूस, उंच, दारात बाजेवर बसलेला. दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारायला जायचा. आता त्याला समोरचं धुरकट दिसतं. माणूस आहे हे कळतं, कोण ते कळत नाही. माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "शालूताई, बाईच आणली का माणूस?"

"बाई हाये. पुण्याची."

"मंग बसा ना जी."

त्याची बायको करुणा चुलीपाशी भाकरी थापत होती. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा. आमच्याकडच्या ठेच्यात शेंगदाणे असतात, इथल्यात फक्त निश्चय असतो. पहिल्या घासानंतर मी बराच वेळ कुणालाच प्रश्न विचारला नाही, आणि तोवर विलासनं स्वतःहून सगळं सांगून टाकलं.

"पऱ्हाटी इतली मोठी, का नोझल डोक्याच्या वर धरा लागे. वारा उलटा फिरला. तोंडावर आलं. मंग मळमळलं, डोये जळाले, अन् मंग खाट. मधलं मले ठाव नाही. अन् उठलो तं सगळे म्हणून राह्यले, काहून पिला बे?"

पिणं वेगळं आणि लागणं वेगळं. लागलं तर ते कामावर झालं, आणि त्याला कुणीतरी जबाबदार आहे. पिला तर तो स्वतः. मग चौकशी त्याच्यापाशीच संपते. आणि त्या भागात 'पिला' या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्याची मुलगी श्रुती सातवीत आहे. शाळेत एक पोरगी तिला म्हणाली होती, तुझ्या बापाले तुमी नको होते. श्रुतीनं हे आईला सांगितलं आणि बापाला सांगू नको म्हणाली. बाप भिंतीच्या अलीकडेच बसला होता. त्याचे डोळे गेले होते, कान नाही.

मी करुणाला विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

तिनं भाकर उलटली. "मले काय वाटाचं जी? दवाखान्यातल्या कागदात लिहून हाये. शिकेल माणसानं लिहिलं थे."

मग तिनं वेचलेला कापूस टाकायचा ओटीचा फडका कमरेला बांधला आणि वेचणीला निघून गेली. त्या शेतात वेचणीचा पहिला दिवस होता; मालकीणबाईंनी कपाशीच्या बुडाशी दगड मांडून दहीभाताचा नैवेद्य केला होता. "आमी थे करत नाही," शालूताई म्हणाल्या. "दहीभात खातो मातर."

करुणा गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "त्याच्या डोयात थेंब टाकते, हात धरून नाल्यावर नेते, जेवाले देते. बोलते बी. पण त्या गोष्टीचं नाव काढत नाही. म्या काढलेला व्हिडिओ आजवर पाह्यला नाही. फोन समोर धरला तं मान फिरवते."

मी कॅमेरा लावला. विलासनं केस विंचरून घेतले आणि आधार कार्ड हनुवटीखाली धरलं. तिथल्या प्रत्येक व्हिडिओत प्रत्येक जण असंच धरतो. आजवर ज्या ज्या खिडकीसमोर ती माणसं उभी राहिली, तिनं आधी कार्ड मागितलं. कॅमेरा ही आणखी एक खिडकी. मी म्हटलं, नंबर झाकू या.

"नंबर झाकाचा तं कार्ड कायले?" विलासनं विचारलं.

मी नंबरावर बोट ठेवायला सांगितलं. त्यानं चुकून फोटोवर ठेवलं. त्याला दिसत नव्हतं आणि मी तो भाग पुन्हा घ्यायला हवा होता, पण उन्हानं मेमरी कार्ड असेल किंवा माझं डोकं असेल, काहीतरी तापलं होतं.

बोलून झाल्यावर तो म्हणाला, "हे बंद झालं का? मंग एक सांगतो. सरकारनं मानलं तं चांगलंच हाये. पण करुणानं मानाले पाह्यजे. माह्या तोंडचं तिले पटन का नाही, ठाव नाही. फोनमधलं पटते लोकाईले."

हे ऐकून मला काय वाटलं ते सरळच लिहिते. मला रडू आलं, आणि त्याला ते दिसणार नाही याचं बरं वाटलं.

वणी

मंगळवारी व्हिडिओ पाठवायला स्मशानात गेलो तर ऑफिस बंद होतं. म्हणजे तिथं अंत्यविधी चालू होता. शेवटी ती जागा मूळ त्यांचीच. आम्ही मागं उभं राहून आदरानं सगळं होऊ दिलं आणि बाबूसिंगांच्या ऑटोतून वणीला गेलो.

वणी कोळशाचं गाव. रस्त्यानं ट्रकामागून ट्रक, आणि ट्रक नसेल तिथं त्याची धूळ. एका हॉटेलात बसून मी फाइल चढवायला लावली आणि चहा मागवला. चहा आला तेव्हा गोरा होता, चढवणं अर्ध्यावर गेलं तेव्हा सावळा झाला. शालूताई म्हणाल्या, "पिऊन घ्या. इथं सगळेच पितात."

वेळ जावा म्हणून मी बाबूसिंगांना त्या दिवसाबद्दल विचारलं. दवाखान्यात गर्दी होती का?

"लय."

तुम्ही काय सांगितलंत तिथं?

"सांगतलं," ते म्हणाले आणि ऑटोच्या चाकात हवा आहे का ते बघायला उठले. हवा होती. तरी ते बराच वेळ तिथंच उभे राहिले.

संध्याकाळी संपादकांचा निरोप आला: 'उत्तम. लावतोय.' मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि परत येऊन झोपले.

विहार

बुधवारी सकाळी शालूताई माझ्यासमोर फोन घेऊन उभ्या होत्या. स्मशानातून नुकत्याच आल्या असाव्यात.

आमच्या पोर्टलवर विलासचा व्हिडिओ लागला होता. शीर्षक चांगलं होतं, खाली उपशीर्षकं होती, आणि विलासच्या मानेवर चेहऱ्याच्या जागी एक राखाडी ढग होता. पीडिताची ओळख उघड करायची नाही, हे आमचं धोरण. कुणा धोरणी माणसानं ते पाळलं होतं. आधार कार्डाचा नंबर मात्र राहून गेला होता, कारण विलासचं बोट फोटोवर होतं.

दुपारपर्यंत वस्तीत आणि तांड्यावर एकच चर्चा. ढग लावून टीव्हीवर कुणाला दाखवतात? चोराला. नाहीतर त्याहून वाईट कुणाला. औषध विकणाऱ्या दुकानाच्या ओट्यावर एक जण म्हणाला म्हणे, "पिला नसता तं तोंड काहून लपवलं असतं?" शेतातल्या बायकांनी हे करुणाला वेचता वेचता सांगितलं. ती वेचत राहिली.

विलासला मी सांगायला गेले तेव्हा तो बाजेवर बसला होता.

"माहं तोंड पुसलं म्हणतात."

मी धोरण समजावलं. सुरक्षितता, प्रतिष्ठा, पुढंमागं त्रास होऊ नये. बोलताना माझाच आवाज मला एखाद्या माहितीपत्रकासारखा लागत होता.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "मले सगळ्याईचे तोंड तसेच दिसतात आता. त्याच्यात काय सुरक्षित हाये थे मले नाही समजलं."

मी नाल्यापलीकडे जाऊन संपादकांशी भांडले. त्यांचं म्हणणं, धोरण सर्वांसाठी सारखं असतं. मी म्हटलं, त्यानं स्वतः परवानगी दिली आहे. ते म्हणाले, पीडिताला अनेकदा स्वतःचं हित कळत नाही. मी जे उत्तर दिलं ते स्मशानात शोभणारं नव्हतं. बाकावर एक पोरगी सीईटीचा अर्ज भरत होती, ती उठून लांब गेली.

परत आले तर शालूताई विहाराच्या दारात केरसुणी घेऊन उभ्या.

"नियम म्हणजे नियम. बातमी तुमच्याकडून गेली. जे लागलं थे तुमी पाह्यलं नाही."

मी म्हटलं, पण ते पुण्यात झालं.

"पुणं झाडाले कोण जाईन? तुमी तं इथं आहा."

मी विहार झाडला. आधी बुद्धमूर्तीसमोरचा भाग, मग ओटा, मग पायऱ्या. दोन म्हाताऱ्या येऊन बसल्या आणि कोपरे राहिलेत ते दाखवत राहिल्या. वीस वर्षांच्या पत्रकारितेत चुकीच्या बातमीबद्दल मला झालेली ही पहिली शिक्षा, आणि लाजले मी खरोखर.

शालूताईंनी तेवढ्यात आपलं काम सुरू केलं होतं. त्यांनी ग्रुपवर हुकूम सोडला. वस्ती रांगेनं नाल्यापलीकडे गेली आणि प्रत्येकानं आपापलं आधार कार्ड हनुवटीखाली धरून फोटो काढला. ते सगळे फोटो आमच्या पोर्टलवर पाठवले, खाली एकच ओळ: 'आमचं बी तोंड पुसा.' मग तांड्यानंही पाठवले. आंदोलनाचा असा प्रकार मी पाहिला नव्हता. मोर्चा परतवता येतो, निवेदन फायलीत घालता येतं. पण लोकांची गोपनीयता जपण्याचं धोरण असलेल्या संस्थेच्या पानावर जर लोक स्वतःचेच नंबर ओतायला लागले, तर ते कुठं घालणार?

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता. "त्यांना थांबव. आम्ही पुसून पुसून दमलो."

"चेहरे?"

"नंबर गं!"

संध्याकाळी विलासचा चेहरा परत आला आणि आधारचा नंबर गेला. शालूताईंनी ग्रुपवर लिहिलं, खातरजमा झाली, आता पुढं पाठवा.

विश्रामगृह

गुरुवारी समिती एका विश्रामगृहात बसली. विलास, शालूताई, बाबूसिंग आणि मी. करुणा आली नाही. वेचणी सोडून कशी येणार, असं म्हणाली. श्रुतीनं बापाचा शर्ट इस्त्री करून दिला होता.

अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. विलासला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग सगळ्या समितीनं मिळून त्याचा व्हिडिओ मोबाइलवर पाहिला. तो समोर बसून ऐकत होता. व्हिडिओतला विलास म्हणाला, "मी औषध पिलो नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मग त्यांनी खुर्चीतल्या विलासकडे पाहिलं, आणि दोघं एकच असल्याची खात्री करायला आधार कार्ड मागितलं. शालूताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नाल्यातल्या म्हशीची मनोमन क्षमा मागितली.

"पण कागदावर प्राशन लिहिलंय," अध्यक्ष म्हणाले. "दाखल करताना सोबतच्यानं तसं सांगितल्याची नोंद आहे. सोबत कोण होतं?"

मग मागच्या भिंतीपाशी बाबूसिंग उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात धरली.

"मी होतो, साहेब. म्या सांगतलं, पिला म्हणून."

विलासची मान वळली. आवाज ओळखीचा, तोंड दिसत नाही.

"त्याच्या आधी आमच्या तांड्यातला एक जण फवारून तसाच आलता. त्याले सांगतलं, घरी जाय, साबनानं आंघोळ कर. फवारनीवाल्याले कोनी घेऊन नोहतं राह्यलं. पिलेल्याले मातर लगेच घेत. त्याच्यासाठी खाट, नळी, सगळं तयार राहे. विलासच्या तोंडाले फेस आलता. काउंटरवर इचारलं, पिला का? मले वाटलं, नाही म्हणलं तं घरी धाडतीन. म्या म्हनलो, हो, पिला. याडीची, मायची आन साहेब, खाटेसाठी म्हनलो."

"अन् मंग सांगून काहून नाही टाकलं बे?" विलास म्हणाला.

"पोलीस आले. कागद झाला. मंग जीभच उचलली नाही. तुह्या घरापुढून जाची बी लाज वाटे. म्हनून तं शालूताईच्या मांगं ऑटो घेऊन फिरून राह्यलो."

विलास म्हणाला, "तरीच. डोये माहे जळून राह्यले अन् हे दवाखान्यातले नाकातून नळी घालून पोट धून राह्यले." शालूताईंना हसू आवरलं नाही. मग विलासही हसला, आणि बाबूसिंग टोपीत तोंड घालून रडले.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "हे महत्त्वाचं आहे. हे कुठं प्रसिद्ध झालं आहे का?"

"आता तं बोलला," शालूताई म्हणाल्या.

"तसं नव्हे. आम्ही प्रसिद्ध झालेल्या बाबी विचारात घेतो आहोत."

"मंग चहा घ्या तुमी. करतो प्रसिद्ध."

आम्ही बाहेर कडुलिंबाखाली गेलो. मी बाबूसिंगांना विचारलं, चेहरा दाखवायचा का? त्यांनी डोळे पुसले, खिशातून कंगवा काढून मिशा नीट केल्या, आणि नाव, बापाचं नाव, तांडा सांगून जे आत सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. शालूताईंनी सुरुवातीला ध्वज नाही दाखवला, ऑटो दाखवला. विश्रामगृहातलं नेटवर्क उत्तम होतं. समितीचा चहा संपायच्या आत बातमी लागली, अध्यक्षांनी ती आपल्या फोनवर उघडली, पाहिली, आणि ज्या माणसाला त्यांनी मघाशी प्रत्यक्ष ऐकलं होतं त्याची नोंद घेतली. अहवाल काय येतो ते मी हे लिहीपर्यंत कळलेलं नाही.

शेड

परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. शालूताईंना दोन्ही व्हिडिओ ग्रुपवर टाकायचे होते, म्हणून आम्ही विलासला धरून नाल्यापलीकडे नेलं. करुणा वेचणीवरून त्याच वाटेनं येत होती. ओटी कमरेला, केसांत कापसाचे तंतू. विलासला बाकावर बसलेला पाहून ती थांबली.

शालूताईंनी फोन तिच्यापुढं धरला. आज तिनं मान फिरवली नाही. फोन हातात घेतला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

आधी बाबूसिंग. ऑटो, कडुलिंब, मिशा, आणि 'खाटेसाठी म्हनलो'. तिनं तो तिथं थांबवला, मागं नेला, पुन्हा ऐकला. मग स्वतःच्या अंगठ्यानं दुसरा व्हिडिओ लावला. त्यात विलासचा चेहरा पूर्ण दिसत होता. काळा चष्मा, विंचरलेले केस, कपाळावरचा घाम. फोनमधला विलास म्हणाला, मी औषध पिलो नाही. बाकावरचा विलास गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता आणि आवाज येत होता त्या दिशेला त्याचं तोंड होतं.

व्हिडिओ संपला. करुणानं पदरानं स्क्रीन पुसली.

"मंग हे मले घरी काहून नाही सांगतलं?" ती म्हणाली.

"तू इचारलंच नाही," विलास म्हणाला. "समितीनं इचारलं, पोलिसानं इचारलं, पुन्याच्या मॅडमनं इचारलं. म्या रोज वाट पाह्यली."

शालूताईंनी माझा दंड धरला आणि मला उठवलं. आम्ही नाल्याकडे चालायला लागलो. मागून करुणाचा आवाज आला. ती विचारत होती.